तीथलच्या घरचा सागवानी डेक आणि कोट्याचं अंगण: मशीनवाल्याला बोलवायचं का?

मांजलपूरची_सून

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा बडोद्याबाहेरचा आहे पण इथे सगळ्या धंद्यातली माणसं आहेत म्हणून विचारतेय. सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर वलसाडजवळ तीथलला छोटं घर घेतलं, समुद्र चालत जाण्याएवढा जवळ. पुढे सागवानी फळ्यांचा डेक आहे, असेल ३०० एक चौरस फूट, त्यावर झोपाळा. मागे कोट्याची फरशी घातलेलं अंगण, बाजूच्या पायवाटेला सिमेंटचे लाल पेव्हर. आम्ही सगळे मांजलपूरला, त्यामुळे पावसाळाभर तिकडे कोणी राहत नाही.

दसऱ्यानंतर जाऊन बघितलं तर अंगण हिरवं आणि काळं, लील (शेवाळ) अशी धरलीय की सासूबाईंचा पाय सटकला, नशीब झोपाळ्याची साखळी हातात आली. डेक पांढुरका-राखाडी पडलाय, प्रत्येक स्क्रूभोवती काळा डाग आहे, भिंतीलगतच्या कोट्यावर पांढरी पावडर येते, झाडली की चार दिवसांनी परत. आणि उत्तरेकडच्या भिंतीवर नारिंगी डाग, बाबांना (सासऱ्यांना) वाटतंय आतल्या सळईचा गंज बाहेर येतोय, ते त्याच काळजीत आहेत.

दोन जणांना विचारलं. एक सुरतेचा, प्रोफेशनल क्लीनिंगवाला, म्हणतो ३००० पीएसआय दाबाने पाणी मारायचं मशीन आणतो, आधी ऍसिड वॉश, मग वरून वेट लूक कोटिंग, दोन वर्षांची गॅरंटी, दिवसात काम खलास. दुसरा तिथलाच वलसाडचा माणूस, तो म्हणतो ब्लीचिंगचं पाणी मारू, ब्रशने घासू, तीन-चार दिवस लागतील. भाव दोघांचा फार वेगळा नाहीये. नवऱ्याला मशीनवाला आवडलाय कारण व्हिडिओत एकदम चकाचक दिसतं. मला ऍसिड ऐकून जरा धाकधूक वाटतेय. काय करावं?

रावपुऱ्याचा_रघू

एवढं काय त्यात ताई, ऍसिडच मारा. आमच्या बाथरूमला आम्ही तेच मारतो, पाच मिनिटात फरशी दिसायला लागते. लील-बील सगळं जळून जातं.

नंदेसरीवाले_काका

रघू, तुझ्या बाथरूमला ग्लेझ टाईल असणार, म्हणून निभावलं. ताई, कोट्यावर ऍसिड अजिबात नको. आयुष्य केमिकल प्लँटात गेलंय म्हणून ठासून सांगतो. कोटा स्टोन म्हणजे चुनखडीचा दगड, कॅल्शियम कार्बोनेट, आणि बाजारात ऍसिड म्हणून मिळतं ते हायड्रोक्लोरिक. ते पडलं की फेस येतो ना, लोकांना वाटतं मळ निघतोय, प्रत्यक्षात दगड विरघळत असतो. फरशी त्या दिवशी स्वच्छ दिसेल पण वरची पॉलिश गेली, बारीक खड्डे पडले, म्हणजे पुढच्या पावसात लीलीला बसायला आधीपेक्षा चांगली जागा. शहाबादी, संगमरवर, जुनी मोझेक, सगळ्यांना हेच लागू. सिमेंटचे सांधे पण खातं. खात्री करायची असेल तर कोपऱ्यातल्या एका फरशीवर लिंबाचे दोन थेंब टाका आणि दहा मिनिटांनी पुसून बघा, डाग दिसेल.

आणि दुसरं, हे जास्त महत्त्वाचं. ऍसिड आणि ब्लीच एकाच दिवशी एकाच जागी कधीही नाही. हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, आणि ऍसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. असले कारीगर पहिलं धुवून काढायच्या आत दुसरं ओततात, मागचं अंगण तीन बाजूंनी बंद असेल तर वायू तिथेच खाली बसतो, हवेपेक्षा जड असतो तो. त्या सुरतवाल्याला फक्त एवढं विचारा, "भाई, कोट्यावर कुठलं ऍसिड मारणार आणि किती टक्के?" उत्तर देताना अडखळला तर समजून जा.

कोट्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट. कार्बोयमध्ये (मोठ्या कॅनमध्ये) १० ते १२ टक्क्याचं येतं, एक भाग ते आणि तीन-चार भाग पाणी, फवारायचं, दहा-पंधरा मिनिटं ओलं ठेवायचं (वाळू द्यायचं नाही, मध्ये वाळायला लागलं तर पुन्हा थोडं मारायचं), मग नायलॉनच्या कडक ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर करा, कडक उन्हात ते लगेच कमजोर पडतं. हातमोजे, चष्मा, जुने कपडे. कडेची झाडं आधी साध्या पाण्याने भिजवून ठेवा आणि नंतर परत धुवा म्हणजे पानं करपणार नाहीत.

एमएसयू_बॉटनी

नारिंगी डागाबद्दल सांगते कारण तिथेच लोक उगाच घाबरतात. हाताला किंचित मखमली लागतं का बघा, नखाने खरवडलं तर पावडरीसारखं निघतं का? तसं असेल तर तो गंज नाही, ते शेवाळच आहे, ट्रेन्टेपोलिया नावाचं. जातीने हिरवंच पण अंगात कॅरोटिनॉइड इतकं असतं की दिसतं विटकरी-नारिंगी. किनाऱ्याच्या दमट हवेत भिंतींवर, नारळाच्या खोडांवर सर्रास असतं. सळईचा गंज असेल तर सहसा तडा दिसतो, प्लास्टर फुगलेलं असतं, डाग एका रेषेत असतो. भिंतभर सारखा पसरलेला नारिंगी रंग म्हणजे बहुतेक हेच. बाबांना सांगा निवांत राहा, फक्त एकदा नख लावून बघा.

अंगणातलं जे काळं आहे ते बहुधा सायनोबॅक्टेरिया, आपण सगळ्यालाच लील म्हणतो. उन्हापासून वाचायला ते स्वतःभोवती गडद रंगद्रव्य तयार करतात म्हणून काळे दिसतात. यांची गंमत अशी की उन्हाळ्यात वाळून खडखडीत होतात, तुम्हाला वाटतं मेलं, आणि पहिल्या सरीला परत जिवंत. म्हणून नुसतं खरवडून किंवा नुसतं जोरात पाणी मारून उपयोग होत नाही, वरचा थर जातो आणि दगडाच्या छिद्रात जे राहतं ते पुढच्या जूनमध्ये उगवतं. आधी मारायचं, मग धुवायचं, हा क्रम. राखाडी-हिरवे गोल चट्टे असतील (दगडफूल) तर ते ब्लीचनेही लगेच सुटत नाहीत, त्यांचे धागे दगडात शिरलेले असतात. मेले की रंग उडतो आणि महिन्या-दोन महिन्यांत आपसूक सुटत जातात, तेवढी कळ काढा, पत्र्याने किंवा विळीने खरवडू नका.

सागवान_आणि_बाकी

मी दमणपासून अलिबागपर्यंत बंगल्यांचे डेक बसवतो आणि दुरुस्त करतो, मूळचा आपला कारेलीबागचा. काकांनी कोट्याचं सांगितलं, मी लाकडाचं सांगतो.

३००० पीएसआय म्हणजे साधारण २०७ बार. ते काँक्रीटवर मारायचं प्रेशर आहे. सागवानावर एवढं मारलं तर वर्षावर्षाची जी वलयं असतात त्यातला मऊ भाग उडतो आणि कडक भाग उभा राहतो, फळी हाताला खरखरीत लागते, अनवाणी चाललं की कुसळ घुसतं. नंतर ते सारखं करायला सँडिंग करावं लागतं आणि प्रत्येक सँडिंगला फळी पातळ होते. लाकडावर ४०-५० बारच्या आसपास पुरे, पंख्यासारखा फवारा देणारा नोझल, ४० अंशाचा, पांढऱ्या रंगाचा असतो तो. लाल नोझल शून्य अंशाचा, सरळ धार, तो लाकडाजवळ आणायचाच नाही, नाव कोरता येतं त्याने. फूटभर लांब धरायचं, धाग्याच्या दिशेने चालायचं, एका जागी थांबायचं नाही. व्हिडिओत चकाचक दिसतं कारण व्हिडिओ त्या दिवशीचा असतो, सहा महिन्यांनंतरचा कोणी टाकत नाही.

आता राखाडी रंग. तो मळ नाहीच. उन्हाने लाकडातलं लिग्निन (धागे धरून ठेवणारा पदार्थ) तुटतं, पाऊस ते धुवून नेतो, वर धागे उरतात ते चांदीसारखे दिसतात. एकदम वरचा थर असतो, आत सागवान तसंच तांबूस आहे. काही गिऱ्हाइकांना तो चंदेरी रंगच आवडतो आणि मग मी सांगतो फक्त लील काढा, बाकी हात लावू नका. सागवानाचं हेच सुख आहे, तेल नाही लावलं तरी सडायची घाई करत नाही.

धुवायला माझ्याकडे सोडियम परकार्बोनेट असतं, ऑक्सिजन ब्लीच म्हणून पावडर ऑनलाइन मिळते. कोमट पाण्यात लिटरला ६०-७० ग्रॅम, तेव्हाच्या तेव्हा बनवायचं, दुसऱ्या दिवसाला ठेवलं तर नुसतं सोड्याचं पाणी उरतं. लावलं की फेस येतो, पंधरा-वीस मिनिटं ओलं ठेवायचं, मऊ ब्रश, मग धुवायचं. याने लाकूड थोडं काळपट पडतं, घाबरू नका, त्यावर ऑक्झॅलिक ऍसिड, लिटरला ३० ग्रॅम, दहा मिनिटं, धुवून टाका. रंग उजळतो आणि तुमचे स्क्रूभोवतीचे काळे डाग पण यानेच जातात. ते डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची शाई आहे, ब्लीचने हटत नाहीत. पण ऑक्झॅलिक विषारी आहे, मोजे घाला, प्लॅस्टिकची बादली घ्या, आणि ते वाहून कोट्यावर जाणार नाही असं बघा, तिथे ते पॉलिश घालवतं. म्हणून आधी डेक, मग अंगण, उलटं नाही.

डाग गेले तरी स्क्रू तेच राहिले तर परत येणार हे पण ध्यानात घ्या. तुमच्याकडे बहुतेक साधे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) स्क्रू असतील. बदलाल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, ३०४ ग्रेडवर समुद्राजवळ तपकिरी डाग यायला लागतात.

नंदेसरीवाले_काका

दादा, बाकी सगळं मान्य, पण हायपोक्लोराइट लाकडावर अगदी वर्ज्य नाही. एक टक्क्याच्या खाली आणून, पाच मिनिटं ठेवून, नीट धुतलं तर काळी बुरशी त्याच्याइतकी स्वस्तात काहीच मारत नाही. परकार्बोनेटचा भाव बघितलाय का?

सागवान_आणि_बाकी

काका, तुम्ही मोजून एक टक्का कराल हो. साइटवर माणूस मगाने ओततो. जास्त झालं की लिग्निन खातं, लाकूड पांढरं लोकरीसारखं होतं, बोट फिरवलं की धागे हातात येतात. एका बंगल्यावर मला नंतर बोलावलं होतं, आधीच्या कोणी तरी कार्बोय तसाच ओतला होता, अख्ख्या डेकला सँडर फिरवावा लागला. मालकाने स्वतः मोजून केलं तर चालेल, कामगाराच्या हातात मी देत नाही एवढंच.

नंदेसरीवाले_काका

हे बराबर. मगाने ओतणाऱ्यांनीच आम्हाला पण आयुष्यभर पळवलंय.

हरणैचा_बडोदेकर

मी मूळचा हरणैचा, दापोलीजवळ, आता नोकरीमुळे निझामपुऱ्यात. तुम्ही सगळे काय मारायचं ते सांगताय, मी सांगतो की धुवायचं पाणी कुठलं आहे ते बघा. समुद्राजवळच्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं. त्याच पाण्याने डेक धुतला तर मळ गेला आणि मीठ बसलं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी सुटतं त्याला, आणि किनाऱ्यावर रात्री एवढी आर्द्रता म्हणजे रोजचीच गोष्ट, त्यामुळे पाऊस नसला तरी फरशी सकाळी ओलसर, आणि ओलसर म्हणजे लील. आम्ही शेवटचं धुणं नळाच्या नाहीतर टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करतो. बोअरचं पाणी जिभेवर ठेवून बघा, खारट लागलं तर शेवटच्या धुण्याला टँकर मागवा.

अजून एक, पावसाळ्यात घर बंद ठेवणार असाल तर डेकवर प्लॅस्टिक घालून ठेवू नका, लोकांना वाटतं राखलं जातं, आत वाफ कोंडून उलट जास्त कुजतं. फळ्यांमधल्या फटीत पानं, रेती बसते ती जुन्या हॅकसॉ ब्लेडने मे महिन्यात काढून टाकायची, फट मोकळी असली की पाणी खाली जातं आणि खालून वारा लागतो. डेकच्या खाली जुन्या कुंड्या, विटा, लाकडं भरून ठेवलीयत का? घरोघरी असतातच. ती आधी बाहेर काढा, खालून हवा नाही तर वरून कितीही घासा.

आणि जांभ्याचं काही असेल तिकडे, चिरे, पायरी, तर मशीन लांब ठेवा. जांभा मऊ असतो, धारेने भोकं पडतात. आमच्या गावी अजून खराटा आणि चुन्याची निवळी यावरच भागतं, पायवाटेवर पावसात झावळ्या टाकतात म्हणजे पाय घसरत नाही. तुम्हाला सासूबाईंसाठी तेवढा उपाय आजपण करता येईल.

मांजलपूरची_सून

बापरे, एवढं सगळं! थँक्यू काका, दादा, सगळ्यांनाच. बाबांना फोन करून नख लावायला सांगितलं, पावडरच निघाली, नारिंगी, हाताला मखमली. ते इतके खूश झाले की सळईवाल्या मेस्त्रीला येऊ नको म्हणून कळवून पण टाकलं. बोअरचं पाणी मचूळ आहे हे तर आम्हाला माहितीच आहे, चहाला चालत नाही, पण धुवायला काय फरक पडतो असंच वाटायचं.

दोन गोष्टी राहिल्या. एक, ती पांढरी पावडर. दोन, कोटिंग करावं की नाही? सुरतवाल्याचा सगळा जोर कोटिंगवर आहे, म्हणतो कोटिंग केलं की लील बसणारच नाही.

नंदेसरीवाले_काका

पावडर म्हणजे क्षार फुटलेत. जमिनीतला नाहीतर भिंतीतला ओलावा दगडातून वर येतो, येताना विरघळलेले क्षार घेऊन येतो, पाणी उडून जातं, क्षार वर राहतात. ती पाण्याने धुवू नका, परत विरघळून आत जाते आणि पुन्हा वर येते, तुमचं चार दिवसांचं चक्र तेच आहे. कोरड्या ब्रशने झाडून भरून बाहेर टाका, बागेत नाही. आणि मूळ शोधा, भिंतीलगतच येतेय म्हणजे बहुतेक गच्चीच्या पाण्याचा पाइप तिथेच सुटतोय किंवा अंगणाचा उतार भिंतीकडे आहे. एक बादली पाणी ओतून बघा कुठे जातं.

कोटिंगचं याच्याशीच नातं आहे. वेट लूक म्हणजे वर ऍक्रिलिकचा पापुद्रा. खालून ओलावा येतोय आणि वर पापुद्रा, मग तो पांढरा पडतो, फुगतो, सुटतो. शिवाय ओला झाला की आणखी घसरडा. ज्या घरात सासूबाईंचा पाय आत्ताच सटकलाय तिथे चकचकीत फरशी कशाला हवी?

सागवान_आणि_बाकी

+१ काका. लील बसणारच नाही असं किनाऱ्यावर कोणी लिहून देत असेल तर खरंच लिहून घ्या, कागदावर. कोटिंगवर धूळ बसते, धुळीवर लील बसते, तिला दगडच लागतो असं नाही. पेव्हरवर करायचंच असेल तर आत मुरणारं, पाणी शिरू न देणारं सिलेन-सिलॉक्सेन मिळतं, पापुद्रा होत नाही, सिमेंटला छान चालतं. कोट्यावर त्याचा तेवढा फायदा दिसत नाही, दगड घट्ट असतो, शिरत नाही फारसं. पेव्हरवर मशीन मारलं तर सांध्यातली रेती उडणार, ती परत भरायची आहे हे कोटेशनमध्ये आहे का बघा, बहुतेकांच्यात नसतं आणि मग पेव्हर हलायला लागतात.

डेकला तेल लावायचं असेल तर धुतल्यावर किमान दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या, लाकडातला ओलावा १५ टक्क्यांच्या खाली पाहिजे, मीटर नसेल तर येणाऱ्या माणसाला आणायला सांगा, प्रोफेशनल म्हणवतो तर त्याच्याकडे असायला हवा. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत तिकडे हवा कोरडी असते तेव्हाच. "दिवसात काम खलास" यातच गोम आहे, सकाळी धुतलेल्या फळीवर संध्याकाळी तेल लावलं तर आतला ओलावा जायचा कुठे?

सयाजीगंज_९

मध्येच विचारतो, आमच्या अगाशीवर (गच्चीवर) चायना मोझेक आहे, पांढरे तुकडे, सांध्यात काळं होतं. हेच सगळं लागू का? आणि २०२४ च्या ऑगस्टच्या पुरानंतर पार्किंगच्या पेव्हरमध्ये विश्वामित्रीचा गाळ बसलाय तो अजून पूर्ण निघत नाही.

एमएसयू_बॉटनी

अगाशीला हायपोक्लोराइट चालेल, तुकडे ग्लेझचे असतात, काळं होतं ते सिमेंटच्या सांध्यात. ऍसिड नको, सांधे गेले की गच्ची गळते. तसंही आपल्याकडे मार्च ते मे असं ऊन असतं की अर्धं काम तेच करतं, तीथलसारखी वर्षभराची कटकट नाही. तिकडे बडोद्याच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो.

गाळ म्हणजे बारीक चिकण माती, त्याला केमिकल काहीच करत नाही. तिथे मात्र प्रेशर मशीन कामाचं. माती भिजवून मऊ करा मग मारा, सुकलेल्यावर मारलं तर लगदा भिंतीवर उडतो. सांध्यात नवीन रेती. आणि तो चिखल गटारात ढकलू नका, जाळी तुंबते, घमेल्यात भरून बाहेर.

रावपुऱ्याचा_रघू

बरं बाबा, बाथरूमचं ऍसिड आता जपून वापरतो. पण एक सांगा, मोरचूद का कोणी म्हणत नाही? आजोबा टाकीत पुडी बांधून टाकायचे.

नंदेसरीवाले_काका

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, लील मारतं हे खरं. पण फिक्या फरशीवर निळसर-हिरवा डाग राहतो, लोखंडाला खातं, स्क्रूचं तर वाटोळंच. आणि वाहून तळ्यात, खाडीत गेलं की मासे मरतात. तीथलला एक वेगळी गोष्ट सहज मिळेल, बीकेसी, बेन्झाल्कोनियम क्लोराइड, नवसारी-वलसाडकडे कोळंबीच्या तळ्यांसाठी दुकानात असतंच, ५० टक्क्याचं येतं. ते पाणी घालून एक-दोन टक्क्यावर आणून कोट्यावर फवारायचं आणि सोडून द्यायचं, धुवायचं नाही. ब्लीचने धुतलं, वाळलं, की काही दिवसांनी हे एक हात. रंग उडवत नाही, वास कमी, आणि छिद्रात राहिलेलं पण मारतं. माशांना तेही विषारीच आहे म्हणून पावसाच्या तोंडावर नको, हवा कोरडी असताना. डोळे सांभाळा.

हरणैचा_बडोदेकर

ताई, माझ्या मते वलसाडचा माणूस घ्या. हळू करतो हीच चांगली गोष्ट आहे तिकडच्या हवेत. फक्त त्याला ब्लीचिंग पावडर अंदाजपंचे टाकू देऊ नका, पावडरीत चुना असतो तो कोट्यावर पांढरा थर सोडतो, काका म्हणतात तो द्रवातला हायपोक्लोराइटच आणायला सांगा. आणि पहिल्या दिवशी कोणीतरी घरचं हजर राहा.

मांजलपूरची_सून

ठरलं, वलसाडचा. सुरतवाल्याला विचारलं होतं की कोट्यावर कुठलं ऍसिड, तर म्हणाला "मॅडम वो हमारा सीक्रेट फॉर्म्युला है". नवरा पण हसला शेवटी. वलसाडवाल्याला फोनवर सगळं वाचून दाखवलं, तो म्हणाला एक फळी आणि एक फरशी आधी करून दाखवतो, पसंत पडलं तर पुढे. डेक आधी, अंगण नंतर, शेवटचं पाणी टँकरचं. स्क्रू तो बदलून देईल पण ३१६ चे आपण आणून द्यायचे. बडोद्यात कुठे मिळतील सुटे?

सागवान_आणि_बाकी

मरीन हार्डवेअरचं बोललात तर मुंबईहून मागवावे लागतात बऱ्याचदा, पण आधी प्रतापनगरकडच्या नटबोल्टवाल्यांकडे विचारून बघा. लोहचुंबक घेऊन जाऊ नका, ३०४ आणि ३१६ दोन्ही त्याला चिकटत नाहीत, त्याने काही कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा. लांबी फळीच्या जाडीच्या दुपटीहून थोडी जास्त घ्या, आणि सागवानात आधी ड्रिलने भोक पाडूनच बसवायला सांगा, टोकाची फळी चिरते नाहीतर.

नंदेसरीवाले_काका

आणि उरलेला हायपोचा कार्बोय तिकडे बंद घरात ठेवून येऊ नका. झाकण अगदी आवळून बंद केलं तर आतून वायू धरून फुगतो, सैल ठेवलं तर खोलीतलं लोखंड गंजतं. लागेल तेवढाच आणा, उरला तर त्या माणसालाच देऊन टाका.